कानाशी बसलेले कबुतर

पुण्याच्या पेपल सेमिनरीत शिकत असताना तेथील ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात मी एक चित्र पाहिले होते. थोर पोप ग्रेगरी आसनस्थ आहेत, त्यांच्या खांद्यावर एक शुभ्र कबुतर बसले आहे, त्याची चोच त्यांच्या कानाशी आहे आणि समोरचा लेखनिक भराभर टिपून घेत आहे. ग्रेगोरियन गायन या नावाने ओळखले जाणारे उपासनेचे संगीत असे साक्षात पवित्र आत्म्याच्या मुखातून उतरले, ही त्या चित्रामागची कल्पना. विशी ओलांडलेल्या मला ती फार मोहक वाटे. आम्हांला संगीत शिकवणारे वृद्ध फादर मात्र त्या चित्राकडे बघून मिस्कील हसत. ते म्हणत, "ग्रेगरी ६०४ साली वारले. हे गायन त्यानंतर दीडदोनशे वर्षांनी फ्रँक लोकांच्या राज्यात घडले. रोमहून आलेल्या चाली आणि तिकडच्या चाली एकमेकींत मिसळल्या, शेकडो मठवासींनी त्या घोकल्या आणि बदलल्या. कबुतर सगळ्यांत शेवटी आले." त्यांचे हे बोलणे मला तेव्हा काहीसे अश्रद्धपणाचे वाटले होते.

त्या चित्राची आठवण मला तीस वर्षांनी झाली ती धुळ्यात. धुळे शहरातल्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. अशाच एका गल्लीत, पत्र्याच्या छताखालच्या दहा बाय आठच्या खोलीत, माझ्या धर्मग्रामातला एक तरुण जुन्या लॅपटॉपसमोर डोक्याला हात लावून बसला होता. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले होते. खोलीत प्रतिध्वनी उठू नये म्हणून केलेली ही सोय. तिचा उपयोग बेताचाच होतो, असे त्यानेच मला सांगितले. चार महिने तो रोज तेथे बसत होता आणि चार महिन्यांत त्याच्या हाती काहीही लागले नव्हते.

त्या खोलीत मी कसा पोहोचलो ते सांगण्यापूर्वी एक कबुली देणे भाग आहे.

लग्नसराईत खानदेशात राहिलेल्या माणसाला 'डीजे' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वाहनावर रचलेल्या ध्वनिपेट्यांची भिंत रस्त्यावरून जाऊ लागली की घरातली भांडी मांडणीवर थरथरतात. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून अस्तित्वात आहे. तो मोडला जातो तेव्हा साक्षीदारांची वाण पडत नाही, कारण सारा गाव जागाच असतो! हा तरुण अशाच वरातींसाठी अहिराणी गाण्यांचे ठेके तयार करून देतो. 'बबल्या इकस केसावर फुगे' या गाण्याने खानदेशाची वेस ओलांडली, तेव्हापासून अशा कामाला बरी मागणी आहे. त्याचे वडील एके काळी बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवत. डीजेने बँडच्या पोटावर पाय दिला आणि वडिलांचे वाद्य पेटीत गेले. म्हणजे ज्या यंत्राने बापाचा घास काढला त्याच यंत्रावर मुलगा घर चालवतो. त्या घरात या विषयावर कोणी बोलत नाही.

२०२१ च्या नाताळाच्या तालमीला हा तरुण लॅपटॉप आणि दोन ध्वनिपेट्या घेऊन आला. गायकवृंदासाठी त्याने काही तयार केले होते. पहिले दोन ठोके कानी पडताच मी सर्वांदेखत म्हणालो, "हे देवाचे मंदिर आहे, लग्नाचा मांडव नाही. आवर ते." तो जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "फादर, आधी आयका, मंग बोला." मी ऐकले नाही. त्याने निमूटपणे तारा गुंडाळल्या. त्यानंतर अडीच वर्षे तो फक्त मिस्साला येई, मागच्या बाकावर बसे आणि शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जाई.

त्या क्षणी माझ्या मनात दहावे पायस यांचे १९०३ चे फर्मान होते, असे म्हणून मला पळवाट काढता येईल. त्यात पियानोला आणि ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांना चर्चमध्ये मज्जाव केलेला आहे. परंतु १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेला साजेशा इतर वाद्यांनाही दार उघडले, हेही मी शिकलो होतो. शिवाय खुद्द ऑर्गनचा पूर्वेतिहास काही सोवळा नाही. त्याचा पूर्वज रोमन आखाड्यांतल्या खेळांच्या वेळी वाजत असे. आणि आपली पेटी? परदेशी आणि बेसूर ठरवून आकाशवाणीने तिला १९४० ते १९७१ अशी तीन दशके बाहेर बसवले होते. आज पेटीवाचून आमचे एकही भजन उभे राहत नाही. हे सारे माहीत असून मी तसा बोललो. खरे कारण एवढेच, की तो ठेका मला आदल्या रात्री झोपू न दिलेल्या वरातीसारखा वाटला.

२०२४ च्या पावसाळ्यात त्याची आजी वारली. पारोळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली ही बाई पन्नास वर्षे आमच्या चर्चमध्ये डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसली. बाप्तिस्मा झाला तरी तिने जात्यावरच्या ओव्या सोडल्या नव्हत्या. त्यांत मरियामाउलीला माहेरच्या नात्याने बोलावून घेतले होते, एवढेच. दफनविधीनंतर काही आठवड्यांनी तो माझ्याकडे आला. त्याच्या मोबाइलवर आजीचे चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण होते: जात्याची घरघर आणि तीवर आजीचा आवाज. त्यातून त्याला काही घडवायचे होते आणि जमत नव्हते. त्याने मला विचारले, "फादर, तुम्हाला दर रविवारी नवीन प्रवचन सुचतं तरी कसं?"

मी खरे ते सांगितले. "सुचत नाही रे. पुष्कळदा जुनेच पुन्हा वाजवतो."

"म्हणजे लूपच की, फादर!"

अडीच वर्षांनंतर आम्ही दोघे प्रथमच एकत्र हसलो. त्यानंतर आठवड्यातून एकदोन संध्याकाळी मी त्याच्या खोलीत जाऊ लागलो.

संगणकावर संगीत कसे रचतात याविषयी माझे अज्ञान गाढ होते. यंत्राला आज्ञा केली की ते गाणे बाहेर काढते, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पडद्यावर एक जाळी असते. आडव्या दिशेने काळ वाहतो, उभ्या दिशेने एकाखाली एक नाद मांडलेले असतात. चार मात्रांचे सोळा भाग पाडलेले असतात आणि ज्या घरात ठोका हवा तेथे खूण करायची. तो जे साधन वापरतो ते बेल्जियममध्ये १९९७ साली 'फ्रूटीलूप्स' या काहीशा बाळबोध नावाने निघाले. आता त्याला 'एफएल स्टुडिओ' म्हणतात. त्याच्याजवळ हजारो तयार नाद साठवलेले होते. नुसत्या ढोलाचेच कितीतरी प्रकार. पहिल्या दिवशी त्याने मला एकामागून एक चाळीस ढोल ऐकवले आणि म्हणाला, "यातला कोणता घ्यायचा हे ठरवण्यात रात्र जाते. सकाळी बघतो तर गाणं जिथल्या तिथे." माझ्या टेबलावरची बायबल-भाष्यांची चळत मला आठवली. शनिवारी रात्री मीही असाच एकामागून एक ग्रंथ उघडत बसतो.

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी चित्रकार पीटर श्मिट यांच्यासह १९७५ साली पत्त्यांचा एक संच काढला होता. काम अडले की त्यातला एक पत्ता उचलायचा आणि त्यावरची सूचना, कितीही विचित्र वाटली तरी, पाळायची. मी त्याला ही हकिकत सांगितली. त्याने पत्ते केले नाहीत, पण स्वतःवर एक बंधन घालून घेतले: या कामात पाचच नाद. जाते, आजीचा आवाज, चर्चची घंटा, वडिलांचे क्लॅरिओनेट आणि यंत्रातून निघणारा एक साधा सूर. चौथ्या नादाबद्दल त्याने वडिलांना अजून विचारले नव्हते.

दुसरे बंधन त्याला अनुभवाने सापडले होते. मला ते अधिक मोलाचे वाटले. करायची वेळ वेगळी, निवडायची वेळ वेगळी. पहाटे पाच ते सात तो जे सुचेल ते करतो, काहीही पुसत नाही. संध्याकाळी बसतो तेव्हा नवे काही करत नाही. फक्त ऐकतो आणि टाकतो. टाकलेले सारे 'भंगार' नावाच्या कप्प्यात जाते, पण नष्ट होत नाही. निवड करताना आवाज मुद्दाम लहान ठेवतो. कारण तोच नाद थोडा मोठ्याने वाजला की कानाला अधिक चांगला वाटतो आणि माणूस फसतो. (हे ऐकून मला काही नामांकित वक्त्यांची आठवण झाली; असो.) मीही आता सोमवारीच पुढच्या रविवारची वाचने वाचून वहीत सुचेल ते उतरवतो आणि शुक्रवारपर्यंत त्यावर काट मारत नाही. प्रवचने सुधारली की नाही हे धर्मग्रामस्थांनी सांगावे. शनिवारची झोप मात्र सुधारली आहे.

खरी अडचण जात्याने निर्माण केली. आजीचा आवाज जाळीत बसेना. कुठे ठोका मागे राही, कुठे पुढे जाई. प्रथम त्याने आवाजच ताणून-आखडून घरांत बसवला. या साधनाला ते सहज जमते. त्यानेच मला ऐकवले आणि ऐकता ऐकता आम्ही दोघे गप्प झालो. सूर तिचे होते, ती नव्हती. मग यंत्राच्या साहाय्याने त्याने ध्वनिमुद्रणातली घरघर काढून आवाज स्वच्छ केला; त्यासरशी दोन ओळींमधला तिचा श्वासही निघून गेला. ते तर त्याहून भयंकर वाटले. त्या संध्याकाळी दोन्ही रूपे भंगारात गेली.

याच सुमारास आम्ही एसटीने जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल करीत नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. जळगावात बहिणाबाई चौधरींच्या राहत्या वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. जवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांच्या मुखातून गाणी येत, त्यांतली काही पुत्र सोपानदेव आणि आप्त टिपून ठेवीत. १९५१ मध्ये त्या वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. हे सारे आपण शाळेत शिकतो. तो मात्र परतीच्या गाडीत बराच वेळ आपल्या तळहातांकडे पाहत होता. म्हणाला, "फादर, गाणं सुचताना यांचे हात रिकामे नव्हते. मी नुसता माऊस धरून बसतो."

दुसऱ्या दिवसापासून तो आजीच्या जात्यावर ज्वारी दळू लागला. गल्लीतल्या लोकांनी चेष्टा केली. आई म्हणाली, पीठ जाडेभरडे येते, भाकरी थापता येत नाही. चौथ्या दिवशी तळहाताला फोड आणि डोक्यात चाल, दोन्ही एकदम आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला जाळीचे कोडे उलगडले. आजी मधूनच मंदावत होती ती थकव्याने नव्हे. जात्यात वैरण घालायला एक हात खुंट्यावरून सुटे, तेव्हा फेरा रेंगाळे आणि ओवीही त्याच्याबरोबर रेंगाळे. तिची लय मुठीतल्या दाण्यांवर चालली होती. मग त्याने आवाजाला हात लावला नाही. जाळीच्या रेषा एकेक करून सरकवल्या आणि प्रत्येक फेऱ्याशी जुळवल्या. चार मिनिटांच्या ध्वनिमुद्रणासाठी त्याला तीन आठवडे लागले.

या कामातली चिकाटी पाहून मला अशाच एका जुन्या कामाची आठवण झाली. जर्मनीत कोलोन नभोवाणीच्या स्टुडिओत कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन या कॅथलिक संगीतकाराने १९५५-५६ मध्ये 'तरुणांचे गीत' अशा अर्थाचे नाव दिलेली एक रचना केली. दानिएलच्या तिसऱ्या अध्यायात धगधगत्या भट्टीत टाकलेले तिघे जण सृष्टीतल्या प्रत्येक वस्तूला परमेश्वराची स्तुती करायला सांगतात. तेच हे गीत. आम्ही धर्मगुरू रविवारच्या प्रभातवंदनेत ते म्हणतो. बारा वर्षांच्या एका मुलाचा आवाज आणि विजेपासून निर्माण केलेले नाद त्याने चुंबकीय फितीचे तुकडे कापून-जोडून असे विणले, की मूल कोठे संपते आणि यंत्र कोठे सुरू होते ते कळू नये. संगीत भरते जेमतेम तेरा मिनिटांचे. श्रम कित्येक महिन्यांचे. ही रचना कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये सादर व्हावी अशी त्याची इच्छा होती, परंतु ध्वनिवर्धकांना चर्चमध्ये जागा नाही म्हणून परवानगी नाकारली गेली, असे सांगतात. शेवटी ३० मे १९५६ रोजी ती नभोवाणीच्या सभागृहात वाजली. नकार देणारा तो अनामिक धर्मगुरू मला फार जवळचा वाटतो.

हे सारे पाश्चात्त्यांचे खेळ आहेत, असे कोणी म्हणेल. पण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला होता आणि गीता साराभाईंसारख्या आपल्या लोकांनी त्यावर प्रयोग केले होते. त्या फिती पुढे विस्मृतीत गेल्या. त्यांतले निवडक संगीत २०२३ साली प्रसिद्ध झाले. मुंबईत चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडून भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यांतले एक यंत्र बास गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी बनवलेले होते आणि त्या कामी ते फसले होते. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची खोड चरणजितांना मींडेसारखी वाटली. ती तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोत १९८७ साली ज्या संगीताचा बोलबाला झाला त्याचा अंदाज मुंबईत पाच वर्षे आधीच आला होता, हे पाहून जाणकार चकित झाले. २०१५ मध्ये वारण्यापूर्वी चरणजितांना ते कौतुक पाहायला मिळाले. माझ्या तरुण मित्राने ते दहा राग एका रात्रीत ऐकले आणि पहाटे मला निरोप पाठवला: "यंत्र चुकतं तिथे ऐकायचं."

वडिलांना विचारायचे धैर्य त्याला नोव्हेंबरात झाले. "माझ्या वाद्याचा आवाज पण आता डब्यात भरायचा का?" एवढेच ते म्हणाले आणि उठून गेले. मी मध्यस्थी करावी असे त्याने सुचवले. मी नकार दिला. बापलेकांमध्ये बोलण्याचा अधिकार मी २०२१ मध्येच घालवला होता. आठ दिवसांनी, रात्री जेवणानंतर, पेटी काढल्याचा आवाज आला. क्लॅरिओनेटची पत्ती वाळून चिरली होती. त्यांनी नवी मागवून ठेवली होती, कोणाला न सांगता. खोलीत येऊन ते म्हणाले, "चाल वाजवणार नाही. एक सूर देतो." खर्जातला एक लांब सूर त्यांनी दम संपेपर्यंत दिला, मग आणखी एकदा. दुसऱ्या खेपेस अखेरीला तो किंचित कापला. मुलाने तोच घेतला. आजीच्या ओवीखाली आता तो सूर तंबोऱ्यासारखा चालतो.

हे काम अजून पुरे झालेले नाही. संगणकात त्याची एकतिसावी आवृत्ती आहे. गेल्या महिन्यात तो दुपारी माझ्याकडे आला, हातात फुग्यांचे पाकीट. "केसावर फुगे?" असे मी विचारले, तो लाजला. मग त्याने समजावून सांगितले. फुगा फुटतो तेव्हा क्षणार्धात जवळजवळ सर्व उंचीचे नाद एकदम उसळतात आणि मागे जो घुमारा रेंगाळतो तो त्या वास्तूचा स्वतःचा असतो. तो टिपून संगणकाला दिला की कोणताही आवाज त्या वास्तूत उमटल्यासारखा ऐकू येतो. त्याला आमच्या चर्चचा घुमारा हवा होता. आजी जेथे बसे त्या तिसऱ्या बाकापाशी ध्वनिग्राहक ठेवायचा होता. "परवानगी आहे का, फादर?" या प्रश्नावर मी काय बोलणार? जाऊन स्वतः पंखे बंद केले, दारे लावली, बाहेर खेळणाऱ्या मुलांना पेरूच्या झाडापलीकडे पिटाळले.

तो ज्या जागी २०२१ मध्ये तारा गुंडाळत बसला होता, जवळजवळ त्याच जागी उभे राहून त्याने फुगा फोडला. आवाज वेदीपर्यंत जाऊन परत आला; आणि छताच्या तुळयांवर बसलेली कबुतरे सगळी एकदम उडाली. पंखांचा फडफडाट, दोनचार पिसे, वर्षानुवर्षांची धूळ. ध्वनिमुद्रण बिघडले म्हणून मी हळहळलो. त्याने कानाला लावलेले हेडफोन काढून माझ्या कानांना लावले आणि पुन्हा ऐकवले. घुमारा विरत जातो, आणि तो पुरता विरण्याआधी पंख सुरू होतात.

"हे ठेवू का, फादर?"

मी म्हणालो, "संध्याकाळी ठरव. आता दुसरा फुगा फुगव."